माळावरची मशीद

आमच्या गावच्या जमातीची मोठी मीटिंग मे महिन्यात होते. कारण सोपं आहे. मे महिन्यातच गावात माणसं असतात. मुंबई, मुंब्रा, कुवेत, दोहा असे पांगलेले लोक आंब्याच्या दिवसांत येतात, बंद घरांची कुलुपं निघतात, ओटे झाडले जातात आणि पंधरा-वीस दिवस खाडीकाठचा आमचा मोहल्ला पुन्हा मोहल्ला वाटू लागतो. २०१८ साली रमजान मेच्या मध्यावर लागणार होता. म्हणून मीटिंग आदल्या जुम्म्यालाच घेतली. विषय एकच होता. मशिदीला दुसरा मिनार बांधायचा.

पैशांची अडचण नव्हती. आखातातल्या पोरांनी आकडे आधीच सांगून ठेवले होते. जुनी चिऱ्याची, कौलारू मशीद पाडून आम्ही नवी बांधली, तेव्हाही पैसा असाच आला होता. संगमरवरी फरशी, झुंबरं, वजूसाठी ओळीने नळ. निवृत्त शिक्षक म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला.

पण त्याच मशिदीत पावसाळ्यातल्या फजरला किती माणसं असतात, हे त्या मीटिंगमध्ये कोणी विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं, कारण त्या माणसांपैकी मी एक. उत्तर प्रदेशातून आलेले पेशइमाम, बांग देणारे चाचा आणि मी. चाचांना ताप आला की आम्ही दोघंच.

रमजान ईद झाल्यावर मी मुलाकडे अमेरिकेत गेलो. तो मिनिआपोलिस शहरात बरीच वर्षं नोकरीला आहे. पत्नी वारल्यापासून तो मला दर वर्षी बोलावतो आणि मी दर वर्षी काहीतरी निमित्त काढतो. त्या वर्षी निमित्त सापडलं नाही. तिथे नातीने एक पुस्तक दाखवलं. शाळेत तिने नॉर्थ डाकोटा राज्यातल्या एका जुन्या मशिदीवर निबंध लिहिला होता. रॉस नावाच्या खेड्यात शेतकऱ्यांनी १९२९ साली ती बांधली होती. अमेरिकेत खास नमाजसाठी म्हणून उभारलेल्या अगदी पहिल्या मशिदींत तिची गणना होते. त्याआधी १९२१ मध्ये मिशिगनमधल्या हायलँड पार्क इथे एक झाली होती, पण ती फार काळ चालली नाही. शेतकऱ्यांनी बांधलेली मशीद, हे ऐकून मी कान टवकारले. अमेरिकेतला मुसलमान म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर नाहीतर टॅक्सीवाला, असंच माझ्या डोक्यात होतं. मुलगा म्हणाला, "अब्बा, शनिवार-रविवारला जोडून एक रजा घेतो. जाऊन येऊ."

जुलै महिना होता. पहिला दिवस नुसता रस्त्यात गेला. फार्गो मागे पडल्यावर झाडं संपली आणि प्रेअरी सुरू झाली. प्रेअरी म्हणजे गवताळ माळ, असं आपण भूगोलात शिकतो आणि मीही पोरांना तसंच शिकवलं. पण 'माळ' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, त्याच्या कितीतरी पट मोठं हे प्रकरण होतं. कोकणातल्या माणसाची नजर चार पावलांवर डोंगराला तरी अडते नाहीतर माडाला तरी. इथे अडायला काही नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू. तोही बराचसा ड्युरम जातीचा, म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू ज्या कुळातला आहे, त्याच कुळातला. मध्येच एखादं शेत निळंभोर दिसायचं. ते जवस होतं. मुलगा म्हणाला, ही फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत गळून जातात.

वाटेत स्टील नावाचं गाव लागलं. १९३६ च्या ६ जुलैला त्या गावात १२१ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला पार्शल इथे पारा उणे ६० फॅरनहाइटवर, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे ५१ वर उतरला होता. हे पार्शल रॉसच्याच माउंटरेल काउंटीत, आपल्या भाषेत तालुक्यासारख्या मुलखात आहे. पाच महिन्यांच्या आत एकाच राज्यात शंभर अंश सेल्सिअसचा फरक. असल्या जागी शामच्या डोंगरातली माणसं शेती करायला का आली असतील, हा प्रश्न माझ्या मनात तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मायनॉट शहरावरून पश्चिमेला तासाभराचा प्रवास करून आम्ही रॉसला पोहोचलो. गाव म्हणजे रेल्वेमार्गाच्या कडेला काही घरं. २०१० च्या जनगणनेत इथे शंभरसुद्धा माणसं नव्हती. बाजारपेठ म्हणावी असं काही दिसलं नाही. आम्ही उभे असताना लांबलचक मालगाडी आली, न थांबता गेली आणि तिचा आवाज विरल्यावर पुन्हा फक्त वारा राहिला.

पण हे गाव एके काळी भरत चाललं होतं. त्याचा जन्मच त्या रेल्वेमुळे झाला. जेम्स हिल या उद्योगपतीची, पुढे ग्रेट नॉर्दर्न म्हणून ओळखली गेलेली रेल्वे १८८७ मध्ये मायनॉटपासून पश्चिमेला या माळावरून गेली. रेल्वेला माल हवा, मालासाठी शेती हवी आणि शेतीसाठी माणसं. म्हणून मार्गावर दर काही मैलांवर एक गाव आखलं गेलं. शेतकऱ्याने घोडागाडीत धान्य भरून निघावं, ते रुळाशेजारच्या उंच कोठारात घालावं, दुकानातून मीठ-साखर घ्यावी आणि दिवस मावळायच्या आत घरी परतावं, हा या गावांतल्या अंतराचा हिशेब. म्हणजे गावांची संख्या घोड्याच्या चालीवर ठरली होती. ही गोष्ट पुढे महागात पडली.

जमीन मिळे ती १८६२ च्या होमस्टेड कायद्याने. १६० एकर घ्यायची, तिच्यावर घर बांधून राहायचं, पाच वर्षं कसायची, की ती आपल्या नावावर. १९१२ मध्ये ही मुदत तीन वर्षांवर आली. आपल्याकडे कसणाऱ्याच्या नावावर जमीन व्हायला १९५७ चा कूळ दिन उजाडावा लागला. ज्याच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या जमिनीत घाम गाळला, त्याला १६० एकर म्हणजे काय वाटलं असेल, हे कोकणातल्या कुळाच्या नातवाला कोणी समजावून सांगायला नको. माझा प्रश्न तिथेच सुटला.

मात्र ती जमीन बेवारस नव्हती. मँडन, हिदात्सा आणि अरिकारा या जमातींचा तो मुलूख. त्यांना आधी राखीव क्षेत्रात कोंडलं. मग १९१० च्या कायद्याने त्या राखीव क्षेत्राचाही एक भाग नव्या वसाहतवाल्यांना मोकळा केला. पुढे मिसुरी नदीवर गॅरिसन धरण झालं, तेव्हा त्यांची दीड लाख एकरांहून अधिक जमीन गेली आणि उरलीसुरली सुपीक गावं १९५० च्या दशकात पाण्याखाली बुडाली. कोयनेची हकीकत ज्यांना माहीत आहे, त्यांना याहून जास्त सांगायला नको. रॉसच्या भरभराटीची गोष्ट सांगताना हे गाळलं, तर हिशेब खोटा होईल.

शामचे लोक या भागात आले ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. आज लेबनॉनमध्ये असलेल्या बिरे, राफिद या गावांकडचे हे लोक. तेव्हा तो मुलूख तुर्कांच्या राज्यात होता. १९३० च्या दशकात अमेरिकन सरकारने बेकार लेखकांना काम म्हणून सामान्य माणसांच्या हकीकती लिहून घ्यायला पाठवलं होतं. त्यांतल्या काही जणांनी १९३९ मध्ये इथल्या मुसलमान शेतकऱ्यांच्याही मुलाखती टिपल्या. त्यामुळे आज आपल्याला मेरी जुमा या बाईंची हकीकत वाचायला मिळते. नवऱ्याबरोबर देश सोडून त्या आल्या, फेरीचा धंदा करत करत मुलूख तुडवला आणि १९०२ साली रॉसजवळ जमीन धरली. पाठीवर बोचकं घेऊन दारोदार सुया, दोरे, कापड विकणं हा तेव्हाच्या बहुतेक शामी लोकांचा पहिला धंदा होता. त्यात साठलेल्या पैशांतून बैल-घोडे, नांगर आणि एका खोलीचं घर.

या माळात हिमनद्यांनी आणून टाकलेले दगड आहेत. आधी ते वेचायचे, मग नांगरट. नव्याने फोडलेल्या जमिनीत पहिलं पीक बहुधा जवसाचं घ्यायचे, मग गहू. झाड नाही, त्यामुळे लाकूडही नाही. जळणाला जमिनीतून खणून काढलेला हलका कोळसा. हळूहळू एकाचे पाहून दुसरा आला, भाऊ आले, चुलतभाऊ आले. आमच्याकडे एक खलाशी बोटीवर चढला की त्याच्यामागे अर्धा मोहल्ला चढायचा, तसंच. शेजारी नॉर्वेहून आलेले लुथेरन ख्रिश्चन. त्यांची भाषा वेगळी, यांची वेगळी, पण थंडी सगळ्यांना सारखीच होती.

मशीद होण्याआधी जुम्म्याची नमाज पाळीपाळीने एकेकाच्या घरी होई. रमजानचे रोजे धरले जात. ईदला सगळे एकमेकांच्या घरी जात, जेवणं होत. मेरी जुमांनी हे सगळं सांगून ठेवलं आहे. वाचताना मला माझ्या दादीचं घर आठवत होतं.

जमिनीच्या कागदासाठी नागरिक असणं किंवा होण्याचा अर्ज केलेला असणं जरुरीचं. आणि नागरिक कोणाला करायचं, तर कायद्याप्रमाणे 'गोऱ्या' माणसाला किंवा आफ्रिकन वंशाच्या माणसाला. मग शामी माणूस गोरा की आशियाई, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. १९१५ मध्ये जॉर्ज डाऊ या शामी ख्रिश्चनाच्या खटल्यात अपील कोर्टाने शामी लोकांना गोरे ठरवलं. आठच वर्षांनी, १९२३ मध्ये, आपल्या पंजाबच्या भगतसिंग थिंड यांना सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. म्हणजे आमच्याकडचा कोणी शेतकरी तेव्हा रॉसला पोहोचला असता, तर त्याचा अर्ज तिथेच अडकला असता. माणसाच्या नशिबाची रेघ कधीकधी अशी एखाद्या न्यायाधीशाच्या टेबलावर ओढली जाते.

शामी लोकांसाठीही दार फार दिवस उघडं राहिलं नाही. १९२४ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्यांवर देशवार मर्यादा घातली. शामच्या वाट्याला वर्षाला शंभरेक माणसं आली, तीही सगळ्या अमेरिकेसाठी. रॉसच्या दृष्टीने याचा अर्थ असा की आता गावाकडून भाऊ येणार नाही, सून येणार नाही, शिकलेला मौलवी येणार नाही. आणि रॉसच्या लोकांनी मशीद बांधली ती त्यानंतर पाच वर्षांनी. नवी माणसं येणं बंद झाल्यावर.

ती मशीद तरी कशी? अर्धी जमिनीत, तळघरासारखी. भिंती जमिनीच्या थोड्या वर, खिडक्या जवळजवळ गवताच्या पातळीला. तिला घुमट नव्हता, मिनार नव्हता. तिच्यावर पुढे कधी मजलाही चढला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. इथल्या शेतकऱ्याचं कंबरडं त्याआधीच मोडायला आलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला बुशेलमागे, म्हणजे सुमारे २७ किलोंमागे, दोन डॉलरहून जास्त भाव मिळाला होता. त्या भावाच्या भरवशावर लोकांनी कर्ज काढून जमिनी आणि यंत्रं घेतली. १९२० नंतर भाव घसरला. १९३२ मध्ये तो चाळीस सेंटच्याही खाली गेला. दशकभर छोट्या गावांतल्या बँका एकामागून एक बुडत होत्या. मग दुष्काळ. १९३४ आणि १९३६ ही दोन वर्षं सगळ्यांत वाईट. वाऱ्याने शेतातली माती उडवून नेली आणि लोक सरकारी मदतीवर जगू लागले.

इथला शेतकरी मुकाट्याने बसला होता असं नाही. रेल्वे, दलाल आणि सावकार यांच्याविरुद्ध नॉन-पार्टिझन लीग नावाची शेतकऱ्यांची चळवळ १९१५ मध्ये इथे उभी राहिली. तिने राज्य जिंकलं, १९१९ मध्ये राज्याच्या मालकीची बँक काढली आणि १९२२ मध्ये ग्रँड फोर्क्स इथे राज्याच्या मालकीची पीठगिरणी सुरू केली. सहकाराच्या मुलखातून आलेल्या मला याचं अप्रूप वाटलं. बँक आणि गिरणी दोन्ही आजही चालू आहेत. पण बँक वाचली म्हणून गावं वाचली असं झालं नाही.

गावं का गेली, हे मी मुलाला आणि तो मला विचारत राहिला. दुष्काळ हे एक कारण झालं. पण दुष्काळ सरल्यावर, भाव चांगला आल्यावरही गावं रिकामी होत राहिली. ट्रॅक्टर आला, कापणी-मळणीचं एकत्र यंत्र आलं. दहा घरांचं काम एक घर करू लागलं. १६० एकरांत पोट भरेना, म्हणून एकाने दुसऱ्याची जमीन घेतली. आज या राज्यात एका शेताचा सरासरी आकार दीड हजार एकरांच्या आसपास आहे. म्हणजे जिथे नऊ चुली पेटत होत्या तिथे एक. घोड्याच्या चालीने आखलेली गावं मोटारीच्या चालीला फार जवळ पडली. माणूस अर्ध्या तासात मोठ्या गावी जाऊन खरेदी करू लागला, तेव्हा मधल्या गावचं दुकान बंद पडलं. पोरं कमी झाली, शाळा एकत्र झाल्या. नॉर्थ डाकोटाची लोकसंख्या १९३० मध्ये ६ लाख ८० हजार होती. २००० मध्ये ती ६ लाख ४२ हजार भरली. बाकीची अमेरिका त्या सत्तर वर्षांत दुपटीहून मोठी झाली होती.

याच्यात कोणाची लबाडी शोधायला जावं, तर सापडत नाही. जमीन तीच, तिचं पीक तर वाढलं. तिला माणसं मात्र कमी लागू लागली.

आणि मुसलमानांची घरं मुळातच थोडी. त्यांतून एक मुलगा फौजेत गेला, दुसरा मिशिगनला कारखान्यात, की सफेतली दोन माणसं कमी. जी मुलं राहिली, त्यांची लग्नं शेजारच्या नॉर्वेजियन मुलींशी झाली, मुली तिकडच्या घरांत गेल्या. नावं बदलली. पुढची पिढी लुथेरन चर्चमध्ये जाऊ लागली. कोणी जबरदस्ती केल्याची हकीकत मला वाचायला मिळाली नाही. सोबत हवी असते माणसाला, आणि सोबत तिथे होती. मशीद वापराविना पडून राहिली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती पडझड झालेली इमारत पाडून टाकली.

कबरस्तान तेवढं राहिलं. गावाबाहेर, शेतांमधून जाणाऱ्या खडीच्या रस्त्याने आम्ही तिथे गेलो. लोखंडी कमानीवर चांद-तारा. आत कापलेलं गवत आणि ओळीने कबरी. दगडांवर अरबी नावं इंग्रजी अक्षरांत. शेजारी नवी, छोटीशी मशीद. आमच्या वजूखान्यापेक्षाही लहान. वर घुमट, चार कोपऱ्यांना चार बुटके मिनार. जुनी मशीद पाडल्याची खंत या समाजातल्या एका बाईंच्या मनात होती. तिथे पुन्हा काहीतरी उभं राहावं हा त्यांचा ध्यास. २००५ मध्ये वंशजांनी ती बांधली, तेव्हा ती पाहायला त्या राहिल्या नव्हत्या.

जोहरची वेळ झाली होती. आम्ही बाटलीतल्या पाण्याने वजू केली. मुलाने फोनवर किब्ला पाहिला. काटा ईशान्येकडे गेला. आयुष्यभर पश्चिमेकडे, खाडीच्या दिशेने तोंड करून नमाज पढलेला मी थोडा गोंधळलो. मशिदीलगतच्या गवतावर मी आणि मुलगा उभे राहिलो. मागे सून आणि नात. मुसाफिर म्हणून दोन रकात कसर. मी इमाम होतो. सलाम फेरल्यावर मनात आलं, आमच्या गावच्या फजरपेक्षा आज इथे एक माणूस जास्त होतं.

मी फातिहा पढत असताना एक म्हातारा शेतकरी आपली गाडी थांबवून उतरला. टोपी काढून तो कमानीबाहेर उभा राहिला आणि आमचं आटपेपर्यंत काही बोलला नाही. मग मुलाशी बोलू लागला. त्याच्या बापाच्या वेळी मळणीला शामी आणि नॉर्वेजियन शेतकरी एकमेकांच्या खळ्यावर जायचे, असं तो म्हणाला. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी, मेलेल्यांच्या आठवणीचा जो दिवस अमेरिकेत पाळतात, त्या दिवशी या कबरींवाल्यांची नातवंडं दूरदूरहून येतात. बरीचशी आता ख्रिश्चन आहेत, पण येतात. एक दिवस इथे गाड्यांची रांग लागते.

मे महिन्याच्या शेवटी. मी मुलाकडे पाहिलं नाही.

परतताना पंप दिसले, मान खालीवर करणारे, तेलाचे. २००६ पासून या भागात बाकेन थरातलं तेल निघू लागलं आणि २०१२ मध्ये हे राज्य तेलाच्या उत्पादनात देशात दुसऱ्या क्रमांकावर गेलं. हजारो कामगार आले, राज्याची लोकसंख्या १९३० चा आकडा ओलांडून गेली. पण त्यांतले कितीतरी जण पगारापुरते आलेले, गाडीतल्या घरात राहणारे. भाव पडला की निघून जाणारे. गाव म्हणायला जे लागतं, ते पगारातून येत नाही.

मायनॉटच्या हॉटेलात रात्री मुलाने विचारलं, "अब्बा, इथे असताना तुम्हाला काही झालं, तर काय करायचं?"

मी म्हटलं, "गावी न्या. तुझ्या अम्मीच्या शेजारी जागा आहे."

"आणि बाबा, तुमचं?" नातीने त्याला इंग्रजीत विचारलं. झोपली असं वाटत होतं, ती जागी होती. तो काही बोलला नाही. सून उठून दिवा मालवायला गेली.

मी त्याला दोष देत नाही. शामातून निघालेल्या त्या माणसांच्या बापांनीही त्यांना हेच विचारलं असेल. ती माणसं इथे मेली, इथल्या मातीत गेली आणि त्यांनी काही चुकीचं केलं असं मला त्या कबरस्तानात वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. त्या लोकांकडे सफा होत्या तेव्हा पैसा नव्हता, म्हणून तळघरात नमाज पढले. पुढे पैसा आला, घुमट आला, चार मिनार आले, तेव्हा सफा नव्हत्या. मी ज्या वहीत हिशेब लिहितो, त्या वहीत दुसऱ्या मिनाराचे आकडे माझ्याच अक्षरात होते.

२०१९ च्या मे मधल्या मीटिंगमध्ये मी रॉसची हकीकत सांगितली. म्हटलं, मिनार राहू दे. त्या पैशांत गावातल्या पोरांसाठी शाळेची गाडी घ्या. शाळा दूर आहे, म्हणून लोक बायका-मुलांना मुंब्र्याला नेतात. पडीक शेतांना पाण्याची सोय करा. कोणी दोन घरं गावात टिकतील असं काहीतरी करा. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. कुवेतहून आलेला माझाच एक जुना विद्यार्थी आदराने म्हणाला, "मास्तर, तुमचं खरं आहे. पण आम्ही तिकडे राबतो ते कशासाठी? गावात आपलं काहीतरी उंच दिसावं, एवढंच वाटतं." त्याला काय उत्तर द्यायचं, हे मला सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. त्यालाही सोबतच हवी होती, दुरून दिसणारी.

मिनार झाला. खाडीपलीकडूनही दिसतो.

मी मात्र तेव्हापासून दुसरी एक वही घातली आहे. रॉसच्या शेतकऱ्यांच्या हकीकती कोणीतरी लिहून ठेवल्या, म्हणून मला कळल्या. आमच्या कोण लिहिणार? म्हणून घरवार लिहितो. घर कोणी बांधलं, कोण बोटीवर गेलं, कोण आखातात, कोण पाकिस्तानात गेलं आणि पुन्हा दिसलं नाही, कोणाची कबर कबरस्तानात कुठे. शेवटच्या रकान्यात लिहितो, चावी कोणाकडे. पुष्कळ घरांपुढे माझंच नाव आहे. ओटीवर खिळ्याला तो जुडगा टांगलेला असतो आणि पावसाळ्याआधी मी एकेक घर उघडून वारा देतो.

आमच्या घराचंही पान आहे. आजोबांपासून नातीपर्यंत सगळे त्यात आले. शेवटच्या रकान्यात सध्या माझं नाव आहे. त्याच्याखाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.